धरणाचं पाणी हिरवं पडलं तर: विषारी नील-हरित शैवालाच्या काळात गावाचं पिण्याचं पाणी कसं सांभाळायचं

फेब्रुवारी सरला, साठा खाली गेला, वारा पडला आणि ऊन चढलं की जॅकवेलभोवतीचं (धरणातून पाणी उचलायच्या विहिरीभोवतीचं) पाणी हिरवं दिसू लागतं. नळाला ओल्या मातीसारखा वास येतो आणि ग्रामपंचायतीत तक्रारी सुरू होतात. अशा वेळी पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा हात आधी टीसीएलच्या, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरच्या, पोत्याकडे जातो. वरूनही तेच सांगितलं जातं, "पावडर वाढव." गावात कोणी बागायतदार असेल तर तो मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायचा सल्ला देतो, कारण द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाचा गुण त्याने पाहिलेला असतो. दोन्ही सल्ले चांगल्या हेतूचे, पण पहिलं पाऊल म्हणून दोन्ही धोक्याचे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातल्या पाम बेटावर १९७९ साली नेमकं हेच घडलं. सॉलोमन धरणाच्या पाण्याला वास येतो म्हणून त्यात मोरचूद सोडलं गेलं आणि काही दिवसांतच १४८ जण आजारी पडले. त्यांत बहुतेक मुलं होती. उलट्या, सुजलेलं यकृत, पुढे मूत्रपिंडाचा त्रास. शैवाल मेलं होतं, पण मरताना त्याच्या पोटातलं विष पाण्यात सुटलं होतं.

आपण याला शेवाळ म्हणतो, पण हे खरं तर जीवाणू आहेत. मायक्रोसिस्टिस हा त्यांतला आपल्याकडे सर्रास दिसणारा प्रकार. तो मायक्रोसिस्टिन हे यकृतावर घाला घालणारं विष तयार करतो. पेशी जिवंत आणि अख्खी असेपर्यंत हे विष जवळजवळ सगळं तिच्या आतच राहतं. अख्खी पेशी तुरटीच्या गाळात किंवा वाळूत अडकवून बाहेर काढली तर विषही तिच्याबरोबर निघून जातं. पेशी फुटली की ते पाण्यात विरघळतं, आणि विरघळलेलं विष तुरटीला किंवा वाळूला सापडत नाही. त्यामुळे पुढचं सगळं एका क्रमावर उभं आहे: पेशी आधी अख्खी बाहेर, क्लोरीन नंतर.

हे मार्गदर्शन मुख्यतः धरणातून, पाझर तलावातून किंवा नदीच्या बंधाऱ्यातून पाणी उचलणाऱ्या ग्रामपंचायती, छोट्या नगरपालिका आणि प्रादेशिक योजनांसाठी आहे.

१. आधी ओळख पटवा

सगळं हिरवं पाणी विषारी नसतं. जलपर्णी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक पानांच्या वनस्पती डोळ्यांनाच कळतात. लांब धाग्यांचं साधं हिरवं शेवाळ ओळखायला काठी पुरते. काठी पाण्यात फिरवून वर काढा. केसांसारखे धागे लोंबले तर ते साधं शेवाळ. काठीला पातळ हिरवा रंग फासल्यासारखा दिसला तर संशय धरा.

दुसरी परीक्षा बाटलीची. रबरी हातमोजे घालून पारदर्शक बाटली पाऊण भरा, झाकण लावा आणि रात्रभर न हलवता सावलीत ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर बहुधा नील-हरितच. तळाशी बसला तर बहुधा दुसरं काही. काठावर सुकलेला थर निळसर-पांढरट होत असेल तर संशय पक्का होत जातो. तो निळा रंग पेशी फुटल्यावर बाहेर येणाऱ्या रंगद्रव्याचा असतो, म्हणजे तिथे विषही बाहेर पडलेलं असू शकतं.

वासावर मात्र विसंबू नका. मातकट वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. तो स्वतः विषारी नाही, आणि अतिसूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो. वास आहे म्हणून विष आहेच असं नाही, आणि वास नाही म्हणून पाणी निर्धोक आहे असंही नाही.

खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नमुना न्या. मायक्रोसिस्टिस असेल तर वेड्यावाकड्या आकाराचे, काळपट ठिपक्यांनी भरलेले पुंजके दिसतात. अ‍ॅनाबिना हा नील-हरिताचा दुसरा प्रकार असेल तर मणी ओवल्यासारख्या साखळ्या. तिथले प्राध्यापक हे काम सहसा आनंदाने करतात. फक्त आधी फोन करून जा आणि नमुना त्याच दिवशी पोचवा.

२. धरणात ते कुठे आहे, ते पहाटेच पाहा

मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. दिवसा प्रकाशात साखर साठली की पेशी जड होऊन खाली जाते, रात्री ती साखर खर्च झाली की वर येते. त्यामुळे वारा नसलेल्या पहाटे हिरवी साय पृष्ठभागावर दिसते आणि दुपारच्या वाऱ्याने विस्कटते. शिवाय वारा ती एका काठाला ढकलतो. एका काठावर दाट साय आणि समोरच्या काठावर जवळजवळ स्वच्छ पाणी, असं एकाच वेळी असू शकतं. दुपारी दोनला जॅकवेलच्या पायऱ्यांवर उभं राहून भरलेला एक नमुना म्हणूनच फसवा असतो.

सकाळी सहा-साडेसहाला काठाने फिरा आणि साय कुठे आहे ते कागदावर साध्या आकृतीत मांडा. वाऱ्याची दिशाही लिहा.

पाण्याची पारदर्शकता मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची चकती लागते. ती विकत आणायची गरज नाही. जुनी स्टीलची थाळी घ्या, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे आणि दोन पांढरे रंगवा, मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन बांधा आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा. सावलीच्या बाजूने थाळी पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होईल ती खोली लिहा. एका आकड्याला फारसा अर्थ नाही, दर आठवड्याच्या आकड्यांना आहे. पाऊस किंवा गढूळ पाणी आलेलं नसताना खोली आठवड्यात निम्म्यावर आली तर बहर सुरू झाला असं समजा.

आणखी एक स्वस्त खूण म्हणजे सामू, आपण ज्याला पीएच म्हणतो तो. फील्ड टेस्ट किटमध्ये त्याची सोय असते. शैवाल दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे बहरात दुपारचा पीएच ९ च्या वर जातो. हा आकडा जपून ठेवा, क्लोरीनच्या वेळी तो पुन्हा लागणार आहे.

३. नमुना आणि आकडे

विषाची तपासणी एलायझा किंवा एलसी-एमएस पद्धतीने होते. तालुक्याच्या उपविभागीय प्रयोगशाळेच्या नेहमीच्या यादीत ती सहसा नसते, म्हणून जिल्हा प्रयोगशाळेमार्फत एखाद्या मोठ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी बोलून ठेवा. हे बोलणं जानेवारीतच उरकावं. मे महिन्यात पाणी हिरवं पडल्यावर शोधाशोध सुरू केली तर आठवडा त्यातच जातो.

नमुना गडद काचेच्या बाटलीत घ्या, बर्फात ठेवा, उजेड लागू देऊ नका आणि २४ तासांत पोचवा. नळाचा, म्हणजे क्लोरीन घातलेला नमुना असेल तर प्रयोगशाळेकडून सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली मागून घ्या, नाहीतर वाटेत क्लोरीनचं काम चालूच राहतं आणि आकडा खोटा येतो. सूक्ष्मदर्शकासाठीच्या वेगळ्या बाटलीत पाण्याचा रंग फिकट चहासारखा होईपर्यंत लुगॉलचं आयोडीन घाला.

प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा: एकूण मायक्रोसिस्टिन आणि विरघळलेलं मायक्रोसिस्टिन, दोन्ही हवं. बहुतेक जण एकच आकडा मागवतात. दोन्ही आकड्यांत मोठा फरक असेल तर विष अजून पेशींच्या आत आहे आणि फिल्टर हाऊस ते अडवू शकेल. दोन्ही जवळपास सारखे आले तर पेशी फुटल्या आहेत आणि तुरटी-वाळूवर भिस्त ठेवून चालणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर आयुष्यभराच्या वापरासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंत आणि थोड्या दिवसांसाठी १२ पर्यंत चालतं. पण वरच्या दुधावरच्या बाळांसाठी ३ च्या वर गेल्यास दुसरं पाणी द्यावं, असं ती सांगते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१५ साली दिलेली दहा दिवसांपुरती मर्यादा आणखी कडक आहे: सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ०.३, इतरांसाठी १.६. आपल्या आयएस १०५०० या मानकात मायक्रोसिस्टिनसाठी असा आकडा नाही. पाण्यात शैवाल आणि विष निर्माण करणारे सूक्ष्मजीव नसावेत, एवढी अपेक्षा आहे. मी स्वतः गावासाठी १ हाच आकडा धरायला सांगतो, आणि बाळांच्या बाबतीत संशय असेल तर आकड्याचीही वाट पाहू नये.

विषाचा अहवाल येईपर्यंत क्लोरोफिल-ए, म्हणजे पेशींतलं हिरवं रंगद्रव्य, मोजलेलं कामाला येतं. पाण्यात मुख्यतः नील-हरितच असेल तर कच्च्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम क्लोरोफिल ही सावध होण्याची पातळी आणि १२ ही धावपळ सुरू करण्याची. अहवाल उशिरा आला तरी तुमचं काम थांबायला नको.

४. पाणी कुठून उचलायचं

सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि नेमका हाच राहून जातो. जॅकवेलला वेगवेगळ्या उंचीवर झडपा असतील तर वरची बंद करून दोन-तीन मीटर खालची उघडा. अगदी तळाची नको. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यात प्राणवायू नसतो, त्यातून लोह, मँगनीज आणि सडक्या अंड्याचा वास येतो. झडप बदलल्यावर पहिल्या तासाचं पाणी बादलीत घेऊन पाहा, मगच ठरवा.

एकच झडप असेल आणि ती पृष्ठभागाजवळ असेल तर पहाटेचं पंपिंग टाळा. वारा सुटून साय विस्कटली की पंप सुरू करा. जॅकवेलभोवती बांबू आणि रिकाम्या पिंपांचं कडं तरंगत ठेवून त्याला मीटर-दीड मीटर खोल ताडपत्रीचा पडदा लावला तर तरंगती साय बाहेरच अडते. पडद्याच्या खालून पाणी येऊ द्यायचं. कड्याबाहेर साठलेली साय बारीक जाळीने गोळा करून काठापासून लांब खड्ड्यात टाका, काठावर नको. तिथे गुरं तोंड घालतात.

५. फिल्टर हाऊस: इथेच खरी कसोटी

आधी कच्च्या पाण्यातलं क्लोरीन बंद करा. बऱ्याच केंद्रांत एरिएशनजवळच, म्हणजे पाण्यात हवा मिसळायच्या जागीच, टीसीएलची धार सोडलेली असते. एरवी ते ठीक, बहराच्या दिवसांत तीच धार पेशी फोडते. शेवटच्या टाकीतलं क्लोरीन मात्र कधीही बंद करायचं नाही. हगवण आणि कावीळ यांचा धोका शैवालाच्या धोक्यापेक्षा मोठा आणि रोजचा आहे. एका भीतीपायी दुसरं दार उघडं ठेवू नका.

मग तुरटी. बहराच्या पाण्याला नेहमीचा डोस पुरत नाही, आणि अंदाजाने वाढवलेला डोसही चालत नाही. जार टेस्ट करा. यंत्र नसेल तर एक लिटरच्या सहा सारख्या पारदर्शक बरण्या पुरतात. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असते. प्रत्येक बरणीत एक लिटर कच्चं पाणी घ्या आणि सिरिंजने अनुक्रमे २, ३, ४, ५, ६ आणि ८ मिलिलिटर द्रावण घाला. एक मिनिट जोरात ढवळा, पंधरा मिनिटं अगदी सावकाश ढवळा, अर्धा तास स्थिर ठेवा. मग मागे पांढरा कागद धरून पाहा. जिथे सर्वात कमी तुरटीत हिरवट छटा गेली आणि फ्लॉक (तुरटीने धरलेले गाळाचे पुंजके) तळाशी बसला, तो तुमचा डोस. चार मिलिलिटरला काम झालं तर डोस लिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख लिटरला ४ किलो तुरटी.

फ्लॉक बसण्याऐवजी वर तरंगतोय असं दिसलं तर घाबरू नका. पेशीतल्या हवेमुळे तसं होतं. डोस थोडा वाढवून पुन्हा पाहा, आणि क्लॅरिफायरमधून (गाळ बसवायच्या टाकीतून) पाण्याचा वेग कमी करता येतो का ते बघा, म्हणजे तासाला कमी पाणी आणि जास्त तास पंपिंग. प्रत्येक बरणीचा पीएचही मोजा. तुरटीने पीएच उतरतो, आणि ९ चं पाणी साडेसातच्या आसपास आलं तर फ्लॉकही सुधारतो आणि पुढचं क्लोरीनही. जार टेस्ट बहरात रोज करायची, कारण धरणाचं पाणी रोज बदलतं.

तिसरी गोष्ट गाळ. क्लॅरिफायरच्या तळाशी बसलेल्या पेशी तिथे मरतात आणि एक-दोन दिवसांत विष सोडू लागतात. एरवी आठवड्याने काढत असाल तर आता गाळ रोज काढा. फिल्टरचं बॅकवॉशही (उलट्या धारेने वाळू धुणं) लवकर करा, दाब चढेपर्यंत थांबू नका. बॅकवॉशचं पाणी वाचवायला ते परत कच्च्या पाण्यात सोडायची सोय काही केंद्रांत असते. उन्हाळ्यात ती मोहात पाडते, पण बहरात ती झडप बंद ठेवा. अडवलेल्या पेशी पुन्हा दारात आणण्यासारखं आहे ते.

विरघळलेलं विष असेल तर कार्बन लागेल. भुकटीच्या रूपातला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, शक्यतो लाकडापासून केलेला, कारण मायक्रोसिस्टिनचा मोठा रेणू त्याच्या छिद्रांत मावतो. डोस साधारण लिटरला २० मिलिग्रॅमपासून पुढे, म्हणजे एक लाख लिटरला २ किलो. तो तुरटीच्या आधी घाला आणि पाण्याशी निदान अर्धा तास संपर्क राहील असं बघा. क्लोरीन आणि कार्बन एकाच जागी घालू नका, कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो आणि दोन्ही वाया जातात. मागणी नोंदवताना मराठीतच पूर्ण नाव लिहा. आपल्या केंद्रांत "पीएसी" म्हटलं की पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे कॅन येतात, आणि कार्बनच्या भुकटीचं इंग्रजी लघुरूपही तेच आहे.

आता क्लोरीन. वाळूतून उतरलेल्या, पेशीविरहित पाण्यात क्लोरीन मायक्रोसिस्टिनचा नाश करतं, पण दोन अटींवर. पीएच ८ च्या खाली हवा, आणि अर्ध्या तासाच्या संपर्कानंतरही लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक हवं. पीएचची अट नुसती कागदावरची नाही. क्लोरीनचं प्रभावी रूप पीएच साडेसातला निम्मं असतं, साडेआठला दहाव्या हिश्शावर येतं. म्हणजे ९ पीएचच्या पाण्यात पोतंभर टीसीएल ओतूनही काम होत नाही. शिवाय टीसीएल स्वतःच पीएच वाढवतं. एरवी आपण नळाच्या शेवटच्या टोकाला ०.२ पाहतो. बहरात शुद्ध पाण्याच्या टाकीच्या बाहेर पडताना ओटी टेस्ट (शिल्लक क्लोरीनची रंगचाचणी) करा आणि ०.५ च्या खाली जाऊ देऊ नका. टीसीएल ताजं आहे ना तेही पाहा. उघड्या पोत्यातलं, ओल लागलेलं टीसीएल निम्म्या ताकदीचंही नसतं. आणि अ‍ॅनाटॉक्सिन या मज्जासंस्थेवरच्या विषावर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. सूक्ष्मदर्शकात अ‍ॅनाबिना दिसला असेल तर कार्बनला पर्याय नाही.

६. गावात फिल्टर हाऊसच नसेल तर

धरणातून थेट टाकीत पाणी आणि टाकीत टीसीएल, अशी योजना असेल तर दाट बहरात ते पाणी पिण्यासाठी वापरू नका. टीसीएल पेशी फोडणार आणि विष टाकीत राहणार. पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं करा. पिण्यासाठी तपासलेली बोअर किंवा विहीर, नाहीतर टँकर. टँकर कुठून भरतो ते मात्र विचारा, त्याच धरणाच्या दुसऱ्या काठावरून भरून आणलेला टँकर पाहण्यात आला आहे.

काठापासून थोड्या अंतरावर, वाळू किंवा मुरमातून झिरपून पाणी येईल अशी विहीर हा चांगला मधला मार्ग आहे. नदीपात्रात झिरे खोदून पाणी भरण्याची आपली जुनी रीत याच तत्त्वावर चालते. वाळू पेशी अडवते आणि वाळूतले जीवाणू विष हळूहळू खातात. पण खडकाच्या भेगेतून थेट धरणाचं पाणी येणारी विहीर या कामाची नाही. विहिरीच्या पाण्यातही हिरवी छटा दिसली तर तिच्यावर विश्वास नको.

७. लोकांना काय सांगायचं

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे पाणी पिऊ नका असा इशारा निघाला. लेक एरीत मायक्रोसिस्टिसचा बहर आला होता. चार-पाच लाख लोकांचं पाणी दोन दिवसांहून जास्त बंद राहिलं. त्या इशाऱ्यात एक वाक्य ठळक होतं: पाणी उकळू नका. आपल्याकडे घरोघरी "पाणी उकळून प्या" हेच पाठ असल्यामुळे हे वाक्य सगळ्यात आधी सांगावं लागेल. उकळल्याने पेशी फुटतात, विष तसंच राहतं आणि पाणी आटल्याने आणखी तीव्र होतं.

दवंडी, मंदिराचा भोंगा आणि व्हॉट्सअ‍ॅप, तिन्हींवर एकच मजकूर जाऊ द्या. असा:

"सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की धरणाच्या पाण्यात विषारी शैवाल आढळले आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत नळाचे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वापरू नये. पाणी उकळून वापरू नये, उकळल्याने विष जात नाही. तुरटी फिरवून किंवा यूव्ही मशीनमधून काढूनही ते पिण्यायोग्य होत नाही. लहान बाळांचे दूध या पाण्यात कालवू नये. डायलिसिस चालू असलेल्यांनी आपल्या रुग्णालयाला आजच कळवावे. पिण्याचे पाणी रोज सकाळी शाळेजवळ मिळेल. जनावरांना धरणाच्या हिरव्या काठावर नेऊ नये."

डायलिसिसचं वाक्य वगळू नका. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली एका डायलिसिस केंद्राला दूषित धरणाचं पाणी पुरेशी प्रक्रिया न करता पुरवलं गेलं. १३१ पैकी ११६ रुग्ण आजारी पडले आणि ५० हून अधिक मृत्यू या विषाशी जोडले गेले. पोटात गेलेल्या विषाला आतडी आणि यकृत आधी तोंड देतात. डायलिसिसमध्ये ते थेट रक्तात जातं. तालुक्यात डायलिसिस केंद्र असेल तर त्यांचा फोन नंबर पाणीपुरवठ्याच्या भिंतीवर लिहिलेला हवा.

घरगुती यंत्रांबद्दल विचारणा होणारच. आरओ बहुतांश विष अडवतो, पण पडदा जुना झालेला नसेल तरच. कँडलचा फिल्टर पेशी अडवतो, विरघळलेलं विष नाही. यूव्हीचा उपयोग नाही. मासे: हिरव्या सायीतून पकडलेली चिलापी खाऊ नये. इतर ठिकाणच्या माशाचं यकृत आणि आतडी पूर्ण काढून टाकावी, विष तिथे साठतं आणि शिजवून जात नाही. भाजीपाल्यावर तुषार सिंचन थांबवा, मुळाशी पाणी दिलेलं चालेल. अंगाला खाज, पुरळ, उलट्या, जुलाब असं काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात "धरण हिरवं आहे" हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

८. मोरचूद आणि विक्रेते

मोरचूद पूर्ण निषिद्ध नाही. बहर अगदी कोवळा असताना, पेशी थोड्या असताना आणि त्या भागातलं पाणी काही आठवडे पिण्यासाठी उचलायचं नसेल तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते वापरतात. दाट बहरात नाही. शिवाय तांबं गाळात साठत जातं आणि माशांना मारतं. हायड्रोजन पेरॉक्साइड नील-हरितांना निवडून मारतं आणि नंतर त्याचं पाणी व प्राणवायू होतो. नेदरलँड्समध्ये २००९ साली एका तळ्यावर लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ते यशस्वीपणे वापरलं गेलं. पण तेही पेशी मारतंच, त्यामुळे पिण्याचं पाणी तेवढा काळ बंद ठेवावं लागतं.

बहर आला की जैविक द्रावणं आणि ध्वनिलहरींची यंत्रं घेऊन विक्रेते येतात. त्यांना दोनच गोष्टी विचारा: आधीच्या तळ्याचे वापरापूर्वीचे आणि नंतरचे विषाचे अहवाल, आणि शेजारच्या न वापरलेल्या तळ्याचे त्याच काळातले. पहिला पाऊस पडल्यावर साफ झालेल्या तळ्याचे फोटो हा पुरावा नव्हे.

९. नळ पुन्हा केव्हा सुरू करायचा

हिरवेपणा गेला म्हणून लगेच नको. बहर कोसळतो तेव्हा पेशी एकदम मरतात आणि पाणी स्वच्छ दिसत असतानाच विरघळलेलं विष सर्वाधिक असू शकतं. ते अनेक दिवस, कधी काही आठवडे टिकतं. प्रक्रिया केलेल्या पाण्याचे निदान दोन लागोपाठचे नमुने मर्यादेखाली आले की मग टाकी रिकामी करून धुवा, जलवाहिन्यांच्या शेवटच्या टोकांपर्यंत पाणी सोडून द्या, घरच्या टाक्या धुवायला सांगा आणि तसंच जाहीर करा.

१०. पुढच्या उन्हाळ्याची तयारी

बहराला ऊब, स्थिर पाणी आणि फॉस्फरस लागतो. पहिल्या दोन्हींवर आपला इलाज चालत नाही. फॉस्फरस लिटरला २०-३० मायक्रोग्रॅमच्या वर गेला की तळं हिरवं पडण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात येणारं सांडपाणी १९६८ पर्यंत दुसरीकडे वळवण्यात आलं आणि पुढच्या काही वर्षांत पाणी निवळलं. उजनीचं दुखणं याच्या उलट्या टोकाचं आहे. सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नद्यांचं पाणी सांडपाण्यासकट येतं, आणि तेच धरण सोलापूर शहराचीही तहान भागवतं. तिथलं उत्तर गावपातळीवर नाही, पण छोट्या तलावाचं आहे.

तलावात उतरणारं गटार, काठावरचं कपडे आणि गुरं धुणं, उकिरडे, कोंबडी खताचे ढीग: हे सगळं तलावापासून लांब हलवा आणि गटाराच्या तोंडाशी शोषखड्डा किंवा वनस्पतींचा पट्टा करा. तळाशी साठलेला गाळ हे फॉस्फरसचं कोठार असतं. उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की तो पुन्हा पाण्यात येतो. म्हणून २०१७ पासूनच्या "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेचा या कामी दुहेरी उपयोग आहे: फॉस्फरस तलावातून निघतो आणि शेतात जातो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट गाळपेर शेतीची. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर पीक घेतात, त्याला डीएपी देतात, आणि पावसाळ्यात तीच जमीन खतासकट पाण्याखाली जाते. गाळपेर जमिनीत मुळातच अन्नद्रव्यं भरपूर असतात, तिथे वरून स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, गरज क्वचितच पडते. माती तपासून घ्या आणि गाळपेर जमिनीला स्फुरदयुक्त खत न देण्याचा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा. उघड्या जमिनीवर पेरणी सुरू होण्याआधीची ती शेवटची ग्रामसभा असते.